चौदावं पान

वांगानुईत नाताळच्या दुसऱ्या दिवशी
रस्ते बंद करून शर्यत होते,
जुन्या दफनभूमीला वळसा घालून.
कुंपणाला टायर बांधलेले, त्यामागे मेलेले,
आणि पत्र्याच्या शेडमध्ये मी :
टॉर्च, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा,
व्हर्नियर, आणि नियमांची पुस्तिका.
तिचं चौदावं पान तेलानं इतकं पारदर्शक झालंय
की त्यातून पंधरावं वाचता येतं.

चौदाव्या पानावर तारीख आहे.
एकतीस डिसेंबर एकोणीसशे बहात्तर.
त्या रात्री बारानंतर जन्मलेला एक नटसुद्धा चालत नाही.
त्याआधीच्या नटाची हुबेहूब नक्कल मात्र चालते,
काल संध्याकाळी लेथवरून उतरलेली असली तरी.
(नियम मी लिहिला नाही.
ठरावाच्या वेळी हात वर केला होता, इतकंच.)

सकाळी रोवन पेथरिकची गाडी आली.
फ्रेम मार्चमधली, इंजिन जूनमधलं,
साइडकारची फळी इतकी कोरी
की अजून कुणाचा गुडघा तिला लागलेला नाही.
सगळं अडुसष्टच्या आराखड्याबरहुकूम.
सोळा इंची चाकं, ड्रम ब्रेक,
रंगाखाली हातोडीचे ठोकेसुद्धा
मुद्दाम, जागच्या जागी.
मी आरसा पोटाखालून फिरवला.
खोट सापडेना.
हिरवा स्टिकर दिला.

मग नायरी ताहुपारे आली.
वय एकाहत्तर. उजवा खुबा टायटॅनियमचा.
(त्याला तारखेची अट नाही.)
मागून तिचा भाऊ मर्व्ह गाडी ढकलत.
ही अडुसष्टचीच. हिच्यावरूनच तर
पेथरिकनं मापं घेतली होती, दोन दुपार, चहा पीत.

सत्त्याहत्तरला फाटकापाशीच्या वळणावर
ड्रम तापला, ब्रेक लागलाच नाही,
आणि नायरीची दोन बोटं भिंतीपाशी राहिली.
आठवडाभरात मर्व्हनं पुढच्या चाकाला डिस्क बसवली,
मोडीतल्या कुठल्याशा मोटारीची.
वेल्डिंगचा टाका अजून दिसतो,
लोकरीचं पोतं घाईत शिवावं तसा.

"डिस्क काढा, ड्रम लावा, मग धावा," मी म्हणालो.
नायरीनं तीन बोटांच्या हातानं डिस्कला टिचकी मारली.
ती वाजली.
"ऑब्री, गाडी खरी आहे ना?"
"खरी आहे."
"मग?"
"खरी आहे म्हणूनच तर."

पुढे काय बोलावं सुचेना.
बहात्तरची गाडी हवी,
बहात्तरनंतर जगलेली नको,
हे वाक्य पुस्तिकेत कुठेच नाही,
पण पुस्तिका दुसरं काही म्हणतही नाही.
मर्व्ह म्हणाला, "चल, सावलीत लावू."

जेवणाच्या सुट्टीत त्यांना एक फेरी दिली.
प्रदर्शनाची. घड्याळ नाही, वेग नाही,
लाउडस्पीकरवर त्यांचं नाव, तेही चुकीचं उच्चारलेलं.
फाटकापाशी नायरी बाहेर झुकली,
गरज नसताना, पूर्ण,
हेल्मेट रस्त्यापासून वीतभर,
खाली पडलेले पोहुतुकावाचे लाल केसर
तिच्या खांद्यामागे उडाले.
मर्व्हनं ब्रेक दाबला. लागला.
टाळ्या थोड्याच. लोक सँडविच खात होते.

दुपारच्या शर्यतीत, तिसऱ्या फेरीला,
पेथरिक त्याच वळणावर टायरांत घुसला.
ड्रम तापला होता.
अगदी अडुसष्टसारखा. अस्सल.
माणसं धडधाकट निघाली, फळीला पहिला पोचा पडला.
पेथरिक त्यावरून हात फिरवत होता,
आणि चेहऱ्यावर, देवा शप्पथ, आनंद होता.

रात्री शर्ट धुवायला टाकताना
बाहीला चिकटलेला एक हिरवा स्टिकर सापडला.
सोलून ठेवला असणार, सकाळी, तिच्यासाठी,
पुस्तिका उघडायच्या आधी.
फेकवेना. फ्रिजच्या दाराला लावला.
फ्रिज चौऱ्याहत्तरचा,
कॉम्प्रेसर दोनदा बदललेला, मूठ कुठल्या दुसऱ्याच फ्रिजची.
चालतो.